कपाट उघडायचं कोणी?

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा ठराव एकदाचा मंजूर झाला आणि घरोघरी एकच खल सुरू झाला: भाड्याच्या घरात काय न्यायचं आणि भंगारवाल्याला काय द्यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या मामांच्या घरी (अख्खी सोसायटी त्यांना मामाच म्हणते) हा प्रश्न दीडशे किलोंहून जड आहे. त्यांच्या वडिलांनी गिरगावात असताना जमवलेल्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तीनेकशे तबकड्या आणि मामांनी स्वतः बँकेच्या पगारातून घेतलेल्या चारेकशे एलपी. वाशीला रेल्वे आली १९९२ साली. त्याच्या आगेमागे हा ऐवज टेम्पोतून खाडी ओलांडून इकडे आला आणि तेव्हापासून हॉलमधल्या दोन कपाटांत उभा आहे.

मामांची सख्खी भाची तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात प्लास्टिकच्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. मामांच्या लेखी रेकॉर्ड म्हणजे वाजवायची वस्तू. भाचीच्या लेखी ती आधी लाख किंवा पीव्हीसी, मग गाणं. या पावसाळ्यात दोघांची जी जुंपली ती मी शेजारधर्म म्हणून बरीचशी ऐकली. तीच इथे सलग लावून देतो आहे. टोमणे शक्य तिथे ठेवले आहेत.

भाची : मामा, आधी एक ठरव. तुला या रेकॉर्डी जपायच्या आहेत की ऐकायच्या आहेत?

मामा : ऐकायच्या नसतील तर जपायच्या कशाला?

भाची : कारण ७८ची तबकडी वाजताना दर वेळी थोडी थोडी संपते. ती नुसत्या लाखेची नसते. पळसावर, बोरीवर, कुसुमावर वाढणारे किडे लाख देतात, ती रेकॉर्डमध्ये साधारण पाव हिस्सा. बाकी दगडाची पूड, काजळी, थोडा कापसाचा तंतू. ती पूड मुद्दाम घालायचे. पोलादी पिनेचं टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासलं जाऊन खाचेच्या मापाचं व्हावं म्हणून. म्हणजे पिनेने झिजायचं आणि रेकॉर्डने टिकायचं, असा करार होता.

मामा : माहीत आहे. पिनेच्या डबीवर छापलेलंच असायचं की एक पिन एकदाच वापरा.

भाची : आणि आजोबा?

मामा : अण्णा एका पिनेवर चार-चार बाजू काढायचे. पिन जरा फिरवून बसवायची, की झालं. त्यांचा पगार किती होता ते विचार.

भाची : पगाराचं मी काही म्हणत नाही. पण तो हिशेब बालगंधर्वांच्या तबकड्यांवर दिसतो. गाणं खालच्या पट्टीत असतं तोवर ठीक. स्वर वर चढला, आवाज मोठा झाला की खरखर. घासून एका बाजूने चपटी झालेली पिन खाचेच्या भिंतीला सगळ्यात जास्त तिथेच ओरखडते. चावीच्या ग्रामोफोनचं डोकं रेकॉर्डवर शंभर ग्रॅमहून जास्त वजन टाकायचं. आताचं चांगलं टर्नटेबल एलपीवर दीड-दोन ग्रॅम टाकतं.

मामा : मी चावीच्या फोनोवर लावतो कुठे? तो शोभेला आहे. मी फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर लावतो. त्याला पिन उलटी करायचा खटका आहे, एका बाजूला ७८ची, दुसऱ्या बाजूला एलपीची.

भाची : ७८च्या पिनेचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं लागतं, एलपीचं पंचवीस किंवा त्याहून बारीक. खटका उलटा राहिला तर एलपीचा निकाल. आणि त्या फिएस्टातली पिन शेवटची कधी बदललीस?

मामा : मिळाली तर बदलीन ना!

(इथे मामांनी विषय बदलला. पिन कधी बदलली याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही.)

मामा : तुझं म्हणणं मान्य केलं तर जगातली सगळ्यात चांगली ठेवलेली रेकॉर्ड कुठली, सांगू? केसरबाईंची. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर जी तबकडी बसवली, तिच्यात केरकरबाईंची भैरवी आहे.

भाची : अगदी! तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, ॲल्युमिनियमचं कव्हर. हवा नाही, पाणी नाही, कसर नाही, बुरशी नाही. सोबत पिनसुद्धा ठेवली आहे आणि ती कशी लावायची याची आकृती कव्हरवर कोरली आहे. मी असंच काहीतरी म्हणते आहे.

मामा : आणि ऐकणारा?

भाची : ...

मामा : ते यान उडालं आणि काही दिवसांतच केसरबाई गेल्या. ती तबकडी तिकडे आंतरतारकीय अवकाशात निघून गेली, एकदाही न वाजता. आपल्याला ती भैरवी ठाऊक आहे ती इथे खाली हजार घरांत वाजून वाजून खरखरीत झालेल्या प्रतींमुळे. भीमसेन लहान असताना दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी त्यांच्या कानावर पडली आणि त्यांना गाण्याचा ध्यास लागला, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? दुकानदाराने ती तबकडी तुझ्यासारखी पेटीत बंद केली असती तर?

भाची : दुकानदाराकडे तिच्याखाली दहा प्रती होत्या. एक झिजली की दुसरी. तुझ्याकडे एकच आहे, आणि खाँसाहेब १९३७ साली गेले. हा फरक आहे. नवी छापली जाते तोवर वस्तू वाजवायची असते. छापणं थांबलं की तिचा दस्तऐवज होतो. तू दस्तऐवजाचा रोज रुमाल करतो आहेस.

मला इथे भाचीचं पटलं, हे नमूद करतो. आपल्याकडे रेकॉर्ड संग्राहक म्हटलं की लोकांना छंदिष्ट म्हातारा आठवतो. पण जुन्या गाण्यांची कितीतरी पुनर्मुद्रणं अशा छंदिष्टांच्या घरच्या तबकड्यांवरून झालेली आहेत. १९९० साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था उभी राहिली. तिचे सचिव राहिलेले सुरेश चांदवणकर व्यवसायाने भौतिकशास्त्राच्या संशोधनातले. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी १९९४ साली ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मुद्रणांची सूची ग्रंथरूपात काढली. कोण गायलं, कधी गायलं, कोणत्या क्रमांकावर गायलं, हे लेबलांवरून आणि कंपनीच्या वह्यांवरून एकेक करून जुळवावं लागतं. फ्रेड गेसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला पाठवाव्या लागत. तिथल्या कामगारांना गाणारी कोण ते कळावं म्हणून ती गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते. ते नाव ऐकायला ती तबकडी कुठेतरी शाबूत असावी लागते.

भाची : म्हणून माझी योजना साधी आहे. प्रत्येक ७८ एकदा, योग्य मापाच्या पिनेवर, स्वच्छ करून वाजवायची. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. दस्तसंग्रहालयं याच दर्जाची शिफारस करतात. ७८च्या एका बाजूची फाईल साठेक एमबी होते, अख्ख्या एलपीची दीड जीबीच्या आसपास. सगळं मिळून एका छोट्या डिस्कवर मावतं. मग रेकॉर्ड पेटीत, पेटी बंद. तू रोज फाईल ऐक.

मामा : तुझी डिस्क किती वर्षं चालते?

भाची : पाच वर्षं धरायची. म्हणून तीन प्रती करायच्या. दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी.

मामा : आणि दर पाच वर्षांनी नवीन डिस्कवर घ्यायचं.

भाची : हो.

मामा : कोणी?

भाची : मी.

मामा : तू अमेरिकेला गेलीस तर? अण्णांची सर्वांत जुनी तबकडी शंभराला टेकली आहे. तिला दर पाच वर्षांनी कोणी दुसऱ्या अंगात घातलं नाही. तुझी फाईल मला नको असं नाही. पण तिलाही कोणीतरी उघडून बघायला लागतंच. मग पेटी बंद करून सुटका कसली?

भाची : फाईलला बुरशी लागत नाही, मामा.

मामा : आता आलीस मुद्द्यावर.

मुद्दा खरोखर तोच आहे. रेकॉर्ड जपण्याची जी पुस्तकं आणि पत्रकं आपण वाचतो ती थंड आणि कोरड्या मुलखात लिहिलेली असतात. तापमान १८ ते २० अंश, आर्द्रता ४५ ते ५० टक्के. जुलैत नेरूळला खिडकी उघडली की आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते. एका बाजूला ठाण्याची खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. मधल्या पट्टीत आपण. हवेत मीठ आहे, आणि पूर्वी डोंगरातल्या दगडखाणींची, आता टॉवरच्या बांधकामांची धूळ आहे. बेसाल्टची धूळ खाचेत बसली आणि वरून पिन फिरली की काय होतं ते सांगायला रसायनतज्ज्ञ लागत नाही.

भाची : आधी एक गैरसमज काढ. विनाइल, म्हणजे तुझ्या एलपी, दमटपणाने खराब होत नाहीत. पीव्हीसीला पाणी काही करत नाही. बुरशी येते ती पुठ्ठ्याच्या कव्हरवर, आतल्या कागदावर, आणि तुझ्या बोटांच्या तेलकट ठशांवर. तिथून ती खाचेत उतरते. ७८ची गोष्ट वेगळी. लाख मुळात हळूहळू ठिसूळ होतच असते. दमट हवेत ते जरा लवकर होतं, आणि मग वाजवताना भुकटी सुटते.

मामा : म्हणून मी सकाळ-संध्याकाळ कपाट उघडं ठेवतो. हवा खेळली पाहिजे.

भाची : जुलैत? नव्वद टक्क्यांची हवा आत घेतोस आणि दार लावून टाकतोस!

मामा : आणि तू प्लास्टिकच्या पेटीत घालून झाकण दाबणार. आतल्या पुठ्ठ्याने जे पाणी आधीच पिऊन ठेवलं आहे ते कुठे जाणार? रात्री हवा गार झाली की आतच घाम फुटणार.

भाची : ते खरं आहे. पावसात भरलेली बंद पेटी उघड्या कपाटापेक्षा वाईट. पेटी भरायची तर कोरड्या दिवसांत, आणि आत सिलिका जेल. निळी असते तोवर ठीक, गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून परत निळी करायची.

मामा : म्हणजे पुन्हा पेटी उघडून बघायचीच!

भाची : बघायचीच.

मामा : रात्री एसी लावतो की मी.

भाची : एसीने हवा कोरडी होते, पण तू तो रात्री लावतोस आणि सकाळी बंद करतोस. गार झालेल्या वस्तूवर सकाळची ओली हवा आली की तिच्यावर पाणी धरतं. रोज चाळीस आणि नव्वदमध्ये हेलकावे खाण्यापेक्षा सगळा पावसाळा पंचावन्न-साठवर राहिलेला बरा. साठच्या खाली बुरशी फारशी धरत नाही. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र येतं, ते हॉलमध्ये लाव. संध्याकाळी त्याची टाकी भरलेली बघितलीस की तुला कळेल आपण कसल्या हवेत राहतो.

मामा : आणि विजेचं बिल बघितल्यावर तुला कळेल. आमच्या बँकेतला एक फोटोवाला कपाटात पंधरा वॉटचा बल्ब लावून ठेवायचा. त्याच्या लेन्सना कधी बुरशी आली नाही.

भाची : युक्ती बरोबर होती. हवा दोन-चार अंशांनी तापली की तिची आर्द्रता उतरते. पण लेन्स काचेची असते. एलपी बल्बजवळ असली की मऊ पडून वाकते. आणि आता तुला कोण पंधरा वॉटचा जुना बल्ब देणार? एलईडीने बुरशीला फक्त उजेड मिळतो.

मामा हसले. दोघांचं एकमत झालेल्या थोड्या गोष्टी आहेत, त्या इथेच उरकतो. कपाट बाहेरच्या, विशेषतः नैर्ऋत्येच्या भिंतीला नको. आपला पाऊस तिकडून झोडपतो. भिंतीपासून चार बोटं सुटं, आणि जमिनीपासून वीतभर उंच. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर तळमजल्यावरच्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. रेकॉर्डी उभ्या, सरळ, ना कलंडलेल्या ना कोंबलेल्या; एकावर एक आडव्या तर कधीच नाही. एक फूट लांबीच्या फळीवर सोळा-सतरा किलो वजन येतं, तेव्हा भुशाच्या बोर्डाचं शेल्फ मध्ये पोटात जाणार हे धरून चालावं. दहा इंची आणि बारा इंची एकत्र लावू नयेत. आणि डांबर गोळ्या नकोत: त्यांची वाफ प्लास्टिकला आणि लाखेला बरी नाही. त्यापेक्षा वेखंडाचे तुकडे ठेवा, हे मामांचं. भाचीने त्यावर फक्त खांदे उडवले.

कव्हरांवरून मात्र पुन्हा पेटलं.

भाची : हे जे तू प्रेमाने प्रत्येक एलपीला मऊ पारदर्शक कव्हर घातलं आहेस ना, ते आधी काढ.

मामा : का? धूळ बसत नाही त्याने.

भाची : ते मऊ का आहे? पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ करायला त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. उकाड्यात ते हळूहळू बाहेर येतं. नव्या रेनकोटसारखा वास येतो तो त्याचाच. मग ते कव्हर पुठ्ठ्याला चिकटतं, चित्राचा रंग उचलतं, आणि आत रेकॉर्डला लागलं तर तिच्यावर दुधाळ पडदा धरतो. तो पुसून जात नाही. पॉलिथिलीनचं घे. जरा कुरकुरतं, चकाकत नाही, पण काही सोडत नाही. आतल्या कागदी पाकिटाऐवजीही तेच. आणि पाकिटाचं तोंड वर ठेव, कव्हरच्या तोंडाला नव्वद अंशांत, म्हणजे धूळ सरळ आत जाणार नाही.

मामा : कव्हरं मी फेकणार नाही. कव्हर म्हणजे अर्धी रेकॉर्ड. मागचा मजकूर कोणी लिहिला, तबल्याला कोण, पेटीला कोण, हे तुझ्या फाईलमध्ये असतं का?

भाची : फोटो काढून ठेवू. फेक कोण म्हणतं आहे? फक्त प्लास्टिक फेक.

मामा : ७८ना तर कव्हरच नाही, खाकी पाकिटं. त्यातली निम्मी कसरीने खाल्ली. कसरीला खळ आवडते.

भाची : पाकीट बदल. पण दुकानाचा शिक्का असलेली पाकिटं टाकू नकोस. गिरगावातल्या कोणत्या दुकानातून काय घेतलं ते त्यावरून कळतं.

मामा : बघ, आता तूही गाण्याबाहेरचं काही जपायला लागलीस.

धुण्याचा विषय निघाला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो, कारण दर दसऱ्याला मामांच्या घरी हा सोहळा असतो. पावसाळा ओसरतो, उन्हं कडक होतात, आणि दोन-तीन दिवस मामा एकेक रेकॉर्ड बाहेर काढतात. भाची गेल्या काही वर्षांपासून त्याला हजर असते, बहुधा देखरेखीला.

भाची : ७८ला स्पिरिट लावायचं नाही, हे आधी कोणीही लिहून घ्या. फर्निचरला पॉलिश करणारा माणूस काय करतो? चपडा घेतो, स्पिरिटमध्ये विरघळवतो आणि लाकडाला चोळतो. चपडा म्हणजेच लाख. तुम्ही बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ७८वर फिरवलात की तुमचीही खाच पॉलिश झाली. एलपीला थोडं पातळ केलेलं चालतं, पण नसलं तरी अडत नाही.

मामा : माझी आई रिठ्याच्या पाण्याने धुवायची.

भाची : रिठ्यात फेस आणणारं द्रव्य असतं, तेवढं बरं. पण बाकी गाळ मागे राहतो. डिस्टिल्ड पाणी, त्यात बिनवासाच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल, आडवं नाही. लेबल कोरडं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत. नळाचं पाणी सुकताना क्षार सोडतं, तेच पुढे टकटक म्हणून ऐकू येतात. आणि ७८ फार वेळ ओली ठेवायची नाही.

मामा : आणि सुकवायला ताटाळं. ती माझी कल्पना.

भाची : ती मी कुठे नाकारते? ताटाळ्यात एलपी उभी राहते, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, कडेशिवाय कुठे टेकत नाही. परदेशात यासाठी महागडे रॅक विकतात.

मामा : पूर्वी मी गॅलरीत उन्हातही ठेवायचो.

भाची : कव्हरं ठेव. रिकामी, अर्धा तास. तबकडी उन्हात गेली तर तिची पुढे भाकरी होईल.

मामा : तू हे सगळं सांगतेस, पण एक लक्षात घे. गेल्या वर्षी तिसऱ्या खणात वाळवीची रेघ दिसली ती मला. पावसाळ्याच्या मध्यात. का दिसली? मला मालकंस ऐकायचा होता म्हणून. ऐकायचा नसता तर खण उघडला नसता, आणि दसऱ्याला तू तुझा सिलिका जेल घेऊन आली असतीस तोवर खण साफ झाला असता. ऐकणं हीच माझी तपासणी आहे.

भाची यावर बराच वेळ काही बोलली नाही. मामांची बाजू तिला कुठे बोचली ते मला कळलं. हवा कोरडी करणं, कव्हरं बदलणं, डिस्कच्या प्रती काढणं, ही सगळी कामं एखाद्या वेळी करायची असतात. रोजचं काम एकच उरतं: दार उघडून आत डोकावणं. ते काम कोणी कर्तव्य म्हणून वर्षानुवर्षं करत नाही. ते हौसेनेच होतं. दमट किनाऱ्यावरचा संग्रह त्याच्या कपाटापेक्षा त्याला हात लावणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, असं मला वाटतं. मात्र याची दुसरी बाजू मामांना आवडणारी नाही. माणसाने जेवढं आठवडाभरात हाताळता येतं तेवढंच ठेवावं. सातशे रेकॉर्डी एका सत्तरीच्या माणसाला हाताळता येत नाहीत.

भाची : मग सातशे कशाला ठेवतोस?

मामा : आता तू बिल्डरसारखं बोलायला लागलीस.

भाची : बिल्डर किमतीवरून बोलेल. मी वेगळं म्हणते. हिंदी सिनेमाच्या गाजलेल्या एलपी लाखांनी छापल्या आणि कंपनीकडे त्यांच्या मूळ टेप आहेत. त्या तू आज काढल्यास तरी जगाचं काही बिघडत नाही. पण अण्णांच्या संग्रहात 'यंग इंडिया'च्या तबकड्या आहेत. १९३५च्या सुमाराला मुंबईत निघालेली स्वदेशी कंपनी. तिच्यामागे आता कोणी नाही. असली छोटी लेबलं घरांतच उरली तर उरली. त्या आधी जपायच्या.

मामा : आणि 'गीतरामायण'? त्याचा एलपी संच कितीतरी घरांत आहे. म्हणून तो द्यायचा? १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं. पुढे वर्षभर, छप्पन्न गीतं. तो संच मी माझ्या पहिल्या बोनसमधून घेतला.

भाची : तो तुझा आहे म्हणून ठेव, दुर्मीळ आहे म्हणून नाही. दोन वेगळ्या याद्या कर. एक तुझी, एक जगाची.

मामा : जगाच्या यादीतलं तू इंटरनेटवर टाकशील?

भाची : जे टाकता येईल ते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६४ आणि त्याआधी निघालेल्या तबकडीवरचा तो आता संपला. पण शब्द आणि चालीचा हक्क वेगळा. तो कवी आणि संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं. 'गीतरामायण' लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. भा. रा. तांब्यांचे केव्हाच मोकळे झाले.

मामा : हे मला माहीत नव्हतं.

भाची : नाट्यसंगीत, ख्याल, ठुमरी, तीसच्या दशकातलं जी. एन. जोशींचं भावगीत. प्रत्येकाचा शब्द आणि चाल बघून घ्यावी लागेल, पण तुझ्या तीनशेतलं बरंच काही लोकांपर्यंत जाऊ शकतं. मग तुझ्याकडची एक तबकडी फुटली तरी गाणं फुटत नाही.

मामा : आणि मला ती तबकडी वाजवायला मोकळीक.

भाची : वर्षातून एकदा. नव्या पिनेवर.

मामा : दसऱ्याला एकदा आणि अण्णांच्या तिथीला एकदा.

भाची : बरं. दोनदा.

मला वाटलं, इतकी घासाघीस झाली म्हणजे संपलं. पण खरं भांडण खोक्यांवरून झालं. भाड्याचं घर खारघरला मिळालं आहे, पाचव्या मजल्यावर, आणि मामांना एकाच मोठ्या टेम्पोत, मोठ्या खोक्यांत भरून हे सगळं एका फेरीत न्यायचं होतं.

भाची : मोठं खोकं कोणी उचलेल का? चाळीस एलपी झाल्या की दहा किलो. त्यापुढे हमाल खोकं ठेवत नाही, सोडतो. ७८ पंचवीसच एका खोक्यात. उभ्या. रिकामी जागा राहिली तर कागदाचे बोळे, नाहीतर वळणावर एकमेकींवर कलंडतात. ७८ तर उभी असली तरी आपटली की फुटते. त्या मी गाडीत मांडीवर नेणार.

मामा : तीनशे? मांडीवर?

भाची : फेऱ्या मारीन.

मामा : त्यापेक्षा साठ तुझ्याकडे आत्ताच ने. कोपरखैरण्याला तुझ्याकडे आतली भिंत आहे.

भाची : कुठल्या साठ?

मामा : तू निवड. जगाच्या यादीतल्या. खाँसाहेब सोडून.

भाची : खाँसाहेब जगाच्या यादीत पहिले आहेत, मामा.

मामा : ते माझ्याही यादीत पहिले आहेत.

भाची : मग आधी त्यांची फाईल करू. तबकडी कोणाकडे राहायची ते नंतर बघू.

मामा : बघू. पण एक सांगतो, यादी दसऱ्यापर्यंत तयार होईल. खोकी मात्र दसऱ्यानंतर भरायची. पावसात बांधलेलं एकही खोकं या घरातून बाहेर जाणार नाही, बिल्डरने कितीही नोटिसा पाठवल्या तरी.

भाची : हे तुझं एकदम बरोबर. आणि वाण्याकडून आणलेली जुनी खोकी नकोत, त्यात झुरळांची अंडी असतात. नवी घे. पैसे मी देते.